चार फुटी ‘मॉन्स्टर सेट’: ऑस्करसोबत कोणते मासे घ्यावेत आणि कोणते दुकानातच सोडावेत

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, कुठल्याही शहरातल्या ॲक्वेरियमच्या दुकानात जाऊन ‘मोठे मासे पाहिजेत’ म्हणा, समोर बहुतेक एकच माल मांडला जातो. ४ × १.५ × १.५ फुटांची टाकी, लोखंडी स्टँड, वर बसवायचा टॉप फिल्टर, निळी-पांढरी एलईडी, रंगीत खडी आणि आत दोन-दोन इंचांची पिल्लं. ऑस्करची ‘जोडी’, टायगर शार्कची जोडी, काच साफ करायला एक सकर. गिऱ्हाईक जरा जास्तच खूश दिसलं तर वर एखादा ‘पिरान्हा’ नाहीतर फ्लॉवरहॉर्न. हा रिव्ह्यू या सेटचा आहे, कुठल्या एका दुकानाचा नाही; माल सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच असतो.

निकाल आधीच सांगून टाकू. स्टँड घ्या, टाकी रुंद मागा, फिल्टर बदलून घ्या आणि निम्म्याहून जास्त मासे नाकारा.

टाकीपासून सुरुवात करू. ४ × १.५ × १.५ मध्ये काठोकाठ २५५ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी २२० लिटरच्या आसपास उरतं. दोन इंचांच्या पिल्लांना ते मैदान वाटतं. पण ऑस्करला नीट खायला मिळालं तर पहिल्या वर्षात तो महिन्याला जवळपास इंचभर वाढतो आणि १० ते १२ इंचांवर जाऊन थांबतो. दीड फूट रुंदीत फूटभर लांबीचा मासा कसाबसा वळतो, दुसऱ्याला वाट मात्र देऊ शकत नाही. मोठ्या माशांच्या मारामारीत रुंदीला फार महत्त्व आहे. हरलेल्याला बाजूला सरकायला जागा मिळाली नाही तर जिंकलेला थांबत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच ४ × २ × २ मागा: ४५० लिटर, १२ मिमी काच, वर आडव्या काचपट्ट्या आणि भक्कम झाकण. भरल्यावर वजन साडेपाचशे किलोच्या पुढे जातं. स्लॅबवर भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे ठेवा. जुन्या घराच्या माळवदावर हे ओझं चढवू नका. पत्र्याच्या खोलीतही ही टाकी नको, कारण उन्हाळ्यात तिथलं पाणी आटोक्यात ठेवता येत नाही.

टॉप फिल्टर हा सेटमधला सगळ्यात कच्चा भाग. दिसायला पाणी खळखळतं, पण पेटीत पातळ स्पंजाखेरीज काही बसत नाही. ऑस्करसारखा घाण करणारा मासा ठेवायचा तर ४५० लिटरला तासाला अडीच ते तीन हजार लिटर पाणी फिरलं पाहिजे आणि घाण पचवणाऱ्या जिवाणूंना राहायला भरपूर पृष्ठभाग मिळाला पाहिजे. स्टँडच्या खाली दोन फुटी जुनी टाकी बसवून केलेला संप इथे सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ पडतो. पहिल्या कप्प्यात स्पंज, दुसऱ्यात भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या दाबून न भरता मोकळ्या टाकायच्या, तिसऱ्यात पंप. घासण्या साध्या प्लास्टिकच्या घ्या. तारेच्या किंवा साबण लावलेल्या चालत नाहीत. बाजारातल्या महागड्या बायो रिंगांचं काम या घासण्या चोख करतात. संप नवा असताना जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाची जुनी टाकी असेल तर त्यांचा मळका स्पंज मागून आणा आणि न धुता आपल्या संपात पिळा.

आता पाणी. मराठवाड्यात सोबती निवडताना स्वभाव, आकार, मूळ देश या सगळ्याच्या आधी एक हिशोब करावा लागतो: मे महिन्यात आठवड्याला किती पाणी बदलता येईल? ४५० लिटरच्या टाकीत ४० टक्के बदल म्हणजे १८० लिटर, म्हणजे बोलीभाषेत एक ड्रम. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात टाकीसाठी आठवड्याला एक ड्रम बाजूला काढणं सोपं नाही. नळ आठवड्याने येत असेल, टँकर मागवावा लागत असेल तर प्रत्येक जादा मासा त्या ड्रमचा वाटेकरी धरा. पाणी बदलता आलं नाही की माशांच्या घाणीतून साचणारं नायट्रेट चढतं, मासे चिडचिडे होतात, ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडायला लागतात. या रोगाचं कारण एकच सांगता येत नाही, परजीवीही असतात, खुराकातली कमतरताही असते. पण घाणेरड्या पाण्यात तो बळावतो, हे नक्की. बदललेलं पाणी कुंड्यांना, परसातल्या झाडांना घाला, खताचं काम करतं. मीठ किंवा औषध टाकलेलं असेल तर मात्र नको.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे पीएच, पाण्याची आम्लता-अल्कता. बेसॉल्टच्या खडकातलं पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारांचं, असतं आणि पीएच ८ च्या जवळ जातो. ७ पीएचला आणि २५ अंशांना माशांच्या घाणीतून पाण्यात येणाऱ्या एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्का भागच विषारी रूपात असतो. ८ पीएचला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ३० अंशांना साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पुण्याच्या मऊ पाण्यात जेवढी घाण मासा निभावून नेतो, तेवढीच घाण इथे त्याचे कल्ले जाळते. दुसरी गोष्ट म्हणजे नायट्रेट. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि काही बोअर ती आधीच ओलांडून बसलेले असतात. अशा पाण्याने कितीही बदल केले तरी टाकीतलं नायट्रेट त्याखाली उतरणार नाही. मासे कमी ठेवा, दुसरा उपाय नाही. घरच्या आरओचं बाहेर फेकलं जाणारं पाणी टाकीत घालायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. घालू नका, त्यात क्षार बोअरपेक्षा जास्त असतात.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग किंवा टीसीएल पावडर असते. ड्रममध्ये बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावून २४ तास ठेवलं तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, १०० लिटरला एक ग्रॅम. पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास येत असेल तर दोन ग्रॅम.

आता सेटमधले मासे, एकेक करून.

ऑस्कर खरंच चांगला मासा आहे. मालकाला ओळखतो, हातातून दाणा घेतो, नाराज झाला की खडी उपसून टाकीत गोंधळ घालतो. जड पाणी सहन करतो. त्याला आक्रमक म्हणण्यापेक्षा खादाड म्हणावं: तोंडात मावेल ते खाणार, न मावणाऱ्याशी शक्यतो जुळवून घेणार. फक्त दुकानातली ‘जोडी’ म्हणजे नर-मादी नव्हे, दोन नग. ऑस्करचं लिंग बाहेरून कळत नाही. वर्षभरात ते वयात आले की एकतर जोडी जमते, नाहीतर टाकीचा मालक कोण हे ठरवायची कुस्ती सुरू होते. तोंडात तोंड अडकवून चार-दोन मिनिटं ढकलाढकली झाली तर घाबरू नका. एक जण फिल्टरच्या पाइपामागे उभा राहायला लागला, रंग काळवंडला, शेपटी फाटली की मात्र वेगळा करा. ४ × २ × २ मध्ये एकच ऑस्कर ठेवणं शहाणपणाचं. दोन ठेवायचेच असतील तर तिसरा मोठा मासा नको.

फ्लॉवरहॉर्न सेटमध्ये घालणं हा दुकानदारीचा कळस आहे. हा नैसर्गिक मासा नाही. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचे, म्हणजे ऑस्करच्याच कुळातल्या माशांचे, संकर करून तो घडवला गेला, आणि रंग, कपाळावरचा उंचवटा यांच्याबरोबर भांडखोरपणाही त्याच्या रक्तात आला. दुकानात वीस पिल्लं एका टाकीत गुण्यागोविंदाने दिसतात, कारण ती लहान असतात आणि गर्दीत कुणाला हद्दच आखता येत नाही. घरी जागा मिळाली, तीन-चार इंच झाला की तो टाकी ताब्यात घेतो. ऑस्कर त्याच्यापुढे टिकत नाही, कारण ऑस्कर दम देऊन थांबतो, फ्लॉवरहॉर्न थांबत नाही. सोबती म्हणून ५ पैकी शून्य. एकटा ठेवा, आणि एकट्यासाठी सेटमधली मूळची ४ × १.५ × १.५ टाकी उत्तम आहे. खरं तर या टाकीचा सगळ्यात योग्य उपयोग तोच. त्याच्यासोबत पॅरट नावाचा सिक्लिड ठेवलेला दिसतो. पॅरटचं तोंड पूर्ण मिटत नाही, त्यामुळे त्याला उलट चावताच येत नाही. ती जोडी म्हणजे एकाने मारायचं आणि एकाने खायचं. पॅरट ऑस्करसोबत बऱ्यापैकी राहतो, तेही सारख्या आकाराचे असतील तरच.

टायगर शार्क हा शार्क नाही, पंगस आहे. महाराष्ट्रातल्या धरणांत पिंजऱ्यात वाढवतात आणि मासळी बाजारात किलोवर विकतात, तोच. मोठ्या पाण्यात तो एक मीटरच्या पुढे जातो. चार फुटी टाकीत त्याची वाढ खुंटते, आणि ‘टाकीच्या मापाने वाढतो’ असं दुकानात सांगितलं जातं ते याच खुंटण्याबद्दल. स्वभावाने तो गरीब आहे. अडचण त्याच्या भित्रेपणाची आहे. दिवा लागला, दार आपटलं, कुणी काचेवर टिचकी मारली की आंधळेपणाने सुसाट सुटतो आणि काचेवर आदळतो. नाक लाल झालेला, डोळ्याला पांढरी जखम असलेला शार्क जवळजवळ प्रत्येक सेटमध्ये सहा महिन्यांत दिसतो. त्याच्या धावपळीने ऑस्करही बिथरतो. त्यातून पिल्लू दोन-तीन इंचांचं असताना ऑस्करने गिळायचा प्रयत्न केला तर त्याचे परांचे काटे ताठ होऊन ऑस्करच्या घशात रुततात, मग दोघंही जातात. घेऊ नका.

सकरबद्दलही तसंच. ‘घाण खातो, टाकी साफ ठेवतो’ हे वाक्य सेटसोबत फुकट मिळतं. तो शेवाळ खरवडतो, तेही लहान असेपर्यंत. टाकीतली विष्ठा कुणीच खात नाही. उलट सकर स्वतः दिवसभर लांबलचक दोरे सोडत असतो. १२ ते १८ इंचांपर्यंत वाढतो. मोठा झाल्यावर रात्री ऑस्करच्या अंगाला चिकटून त्याच्या अंगावरचा चिकट थर चाटण्याची सवय काहींना लागते. सकाळी ऑस्करच्या कुशीवर गोल, फिकट डाग दिसले तर संशय सकरवर घ्या. सहा फुटी टाकीत एक मोठा सकर चालतो. त्यालाही रोज रात्री दिवे बंद झाल्यावर बुडणारा वेफर किंवा काकडीची फोड द्या, भुकेलाच चाटायला जातो. चार फुटीत नको. काच साफ करायला दहा रुपयांची घासणी पुरते.

‘पिरान्हा’ म्हणून जो लाल पोटाचा पिल्लू दाखवतात तो बहुतेक वेळा रूपचंद असतो, म्हणजे पाकू. ओळखायचं तर दात बघा. पिरान्हाचे दात त्रिकोणी, धारदार आणि खालचा जबडा पुढे आलेला. रूपचंदाचे दात चपटे, दाढांसारखे. रूपचंद दीड फुटांच्या पुढे आणि काही किलोंचा होतो. चार फुटी टाकीत तो ठेवणं म्हणजे रसोईत बैल बांधण्यासारखं आहे. ज्या आठवड्याच्या बाजारात रूपचंद कापून मिळतो, तिथे जाऊन एकदा त्याचा आकार बघा, मग निर्णय घ्या.

अरोवाना, रेडटेल कॅटफिश, ॲलिगेटर गार हे तिघे ‘पुढच्या पायरीचे’ म्हणून विकले जातात. सिल्व्हर अरोवाना अडीच-तीन फुटांचा होतो, उडी मारतो, त्याला किमान आठ फूट लांब, तीन फूट रुंद टाकी आणि वजन ठेवलेलं झाकण लागतं. ऑस्कर त्याच्या मिशा आणि लांब पर कुरतडतो. रेडटेल मीटरभर वाढतो आणि सोबत्यांना रात्री एकेक करून गिळतो. गार दोन मीटरच्या पुढे जाणारा मासा आहे. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात तो सापडला तो कुणीतरी टाकीतून नेऊन सोडल्याशिवाय नाही. घरासाठी तिन्ही बाद. आशियाई अरोवानाचं आमिष कुणी कागदपत्रांशिवाय दाखवलं तर लांबच राहा, ती जात आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत आहे.

मग ऑस्करसोबत ठेवायचं काय? सोबत्याची लांबी पाहून फसगत होते, अंगाची उंची पाहा. सहा इंच लांब पण बारीक मासा ऑस्कर घडी घालून गिळतो; चार इंचांचा थाळीसारखा गोल मासा त्याच्या तोंडात बसतच नाही. ऑस्करच्या उघड्या जबड्यापेक्षा ज्याचं अंग उंच, तो सुरक्षित.

या मापात सगळ्यात चांगला बसतो तो सिल्व्हर डॉलर. सहा इंचांपर्यंत वाढतो, गोल, चपळ, वनस्पती खाणारा, ऑस्करच्या जेवणाशी आणि हद्दीशी त्याचं देणंघेणं नाही. वरच्या-मधल्या थरात तो थवा मोकळा फिरत राहिला की ऑस्करही निर्धास्त होऊन बाहेर येतो, हा त्याचा मोठा फायदा. पाचपेक्षा कमी घेऊ नका. दोन-तीनच असले की ते कोपऱ्यात थरथरत बसतात. तीन इंचांचे घ्या आणि ऑस्कर सहा इंचांचा व्हायच्या आत सोडा. टाकीत खरी झाडं असतील तर आठवड्यात देठ उरतील. उडी मारतात, झाकण बंद. ५ पैकी साडेचार.

तळाला बिचिर, सेनेगल जातीचा. फूटभर होतो, अंगावर चिलखतासारखे खवले, कुणाच्या भानगडीत पडत नाही. घेताना दोन गोष्टी बघा. सहा इंचांपेक्षा लहान नको, आणि मानेजवळ पिसासारखे बाहेरचे कल्ले दिसत असतील तर तो अजून पिल्लू आहे. ऑस्कर ते कल्ले गांडूळ समजून ओढतो. बिचिरला नीट दिसत नाही, वासावर खातो, त्यामुळे सगळ्यांसोबत जेवायला बसवलं तर उपाशी राहतो. दिवे बंद करून अर्ध्या तासाने बुडणारा दाणा किंवा सोललेल्या कोळंबीचा तुकडा त्याच्या लपायच्या पाइपाच्या तोंडाशी टाका. आणि झाकणातली फिल्टरच्या पाइपाची खाच स्पंजाने बुजवा, तो तिथूनच बाहेर येतो.

सेव्हरम आठ इंचांचा, सिक्लिडांमध्ये सभ्य. पाच फुटांपासून पुढे चालतो. ग्रीन टेरर दिसायला देखणा, पण नर वयात आला की ऑस्करला पळवतो, म्हणून सहा फुटी टाकीतच, तोही एक. टिनफॉइल बार्ब फूटभर होतात, पाचच्या थव्यात लागतात, म्हणजे तेही सहा फुटीतच. कन्व्हिक्ट लहान म्हणून निरुपद्रवी समजला जातो. त्याची जोडी अंड्यावर बसली की चार इंचांची ती दोघं फूटभराच्या ऑस्करला टाकीच्या एका कोपऱ्यात डांबून ठेवतात. आफ्रिकन सिक्लिडना आपलं जड पाणी मानवतं खरं, पण ते सतत टोचणारे आणि ऑस्करच्या खुराकाने त्यांची पोटं फुगतात. त्यांची वेगळी टाकी करा.

बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, खूपच जास्त असेल तर ऑस्करचाच हट्ट कशाला? जॅक डेम्प्सी, टेक्सास, जॅग्वार हे मध्य अमेरिकेचे आणि तिथल्या आसपासचे मासे जड, अल्कधर्मी पाण्यात जास्त खुलतात. त्यातला जॅक डेम्प्सी सगळ्यात वागवण्यासारखा. टेक्सास आणि जॅग्वार मात्र एकेकटेच बरे.

ऑस्करसाठी टाकीनिहाय हिशोब असा बसतो. ४ × २ × २ मध्ये एक ऑस्कर, पाच सिल्व्हर डॉलर, एक बिचिर. आठवड्याला एक ड्रम. ६ × २ × २ मध्ये, म्हणजे ६८० लिटरला, दोन ऑस्कर, सहा सिल्व्हर डॉलर, एक सेव्हरम, एक बिचिर, दीड ड्रम. उन्हाळ्यात ड्रम अर्धाच मिळणार असेल तर सिल्व्हर डॉलर ठेवा आणि ऑस्कर एकच.

नवा मासा सोडायची पद्धत सगळ्यात जास्त चुकते. आणल्या आणल्या पिशवी टाकीत उपडी करायची नाही. आधी ५०-६० लिटरच्या टबात स्पंज फिल्टर लावून तीन आठवडे वेगळा ठेवा. पांढरे ठिपके, गळणारे खवले, ओढून धरलेले पर, काही असेल तर तिथेच कळतं. मग ज्या दिवशी सोडायचं त्या दिवशी टाकीतली मांडणी पूर्ण बदला. दगड, पाइप, लाकूड सगळं हलवा, म्हणजे जुन्या माशाच्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातात. लपायला बोअरच्या केसिंग पाइपाचे सहा इंची तुकडे झकास. दोन्ही तोंडं उघडी ठेवा, एका बाजूने बंद असलेली गुहा म्हणजे सापळा. ऑस्करला पोटभर खाऊ घाला, दिवे बंद करा, आणि नवे मासे एकेक न सोडता सगळे एकदम सोडा, म्हणजे मार वाटला जातो. मोठ्या सिक्लिडसाठी मध्ये जाळी लावून पाच-सात दिवस नुसतं दिसू द्या. जाळी प्लास्टिकची, टाकीच्या मापाने आधीच कापून ठेवलेली पाहिजे. पीव्हीसीच्या खाचेच्या पट्ट्या काचेला सिलिकॉनने आधीच चिकटवल्या तर दोन मिनिटांत सरकवता येते. भांडण रात्री अकरा वाजता होतं आणि तेव्हा दुकानं बंद असतात.

जखमी मासा वेगळा काढून लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ, आयोडीन नसलेलं, आणि स्वच्छ पाणी; बहुतेक फाटलेले पर आठ-पंधरा दिवसांत भरतात. बिचिर आणि कॅटफिश असलेल्या टाकीत मिठाचा हात आखडता ठेवा.

खुराकाचं थोडक्यात: मोठ्या सिक्लिडचा चांगला दाणा रोजचा आणि आठवड्यातून दोनदा सोललेली कोळंबी. जिवंत गोल्डफिश किंवा गप्पी खाऊ घालण्याची टूम दुकानदारच लावून देतात. गोल्डफिशमध्ये बी१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, शिवाय रोग येतात ते वेगळेच; आणि टाकीतली हलणारी लहान वस्तू खायची असते हे ऑस्करच्या डोक्यात बसतं, ज्याची किंमत सोबती मोजतात. चिकनचे तुकडेही रोजचे नकोत, ती चरबी माशाला पचत नाही.

एप्रिल-मेची वेगळी तयारी लागते. पाणी २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३५ अंशांना सातच्या खाली येतं, आणि नेमकं तेव्हाच माशांना प्राणवायू जास्त लागतो. गरम पाण्यात मासे भांडतातही जास्त. झाकणाच्या जागी जाळी लावून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या शुद्ध पाण्याने घाला. बोअरचं पाणी घालत गेलात तर क्षार साचत जातात. बर्फाच्या लाद्या टाकू नका. दाणा दिवसातून एकदाच, तोही निम्मा.

लाइट गेली की मोठ्या माशांच्या टाकीत सगळ्यात आधी बिचिर सोडून सगळे वर येतात. बिचिर हवेतून श्वास घेऊ शकतो. म्हणून इन्व्हर्टरवर आधी एअर पंप जोडा, तो पाच-सात वॅटच घेतो. संपाचा पंप नंतर. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर असेल आणि दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद राहिला असेल तर चालू करण्याआधी उघडून आतलं पाणी ओतून द्या, नाहीतर कुजलेलं पाणी थेट टाकीत येतं. हिवाळ्यात परभणीकडच्या रात्री एक आकडी तापमानापर्यंत उतरतात, तेव्हा ४५० लिटरला २०० वॅटचे दोन हीटर. ते संपात ठेवा, ऑस्कर काचेचा हीटर खेळण्यासारखा उचलून आपटतो.

वाढलेला शार्क, सकर किंवा रूपचंद नाथसागरात, गोदावरीत, गावच्या तळ्यात सोडू नका. सकरने देशातल्या अनेक नद्या-तलावांत आधीच बस्तान मांडलंय, त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. म्हणून सेट घेतानाच दुकानदाराला विचारा, आठ इंचांचा झालेला मासा परत घेणार का, आणि घेणार असेल तर तसं बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाला तर शार्कची जोडी आणि सकर बिलातून काढायला लावा. तेवढ्या पैशांत टाकीची रुंदी वाढत नाही, पण बॅटरीवर चालणारा एअर पंप बहुतेक निघतो.